चार नंबरचा बनियन

बिंगी मास्तरांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली तेव्हा. मी नुकतीच मुलींच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले होते. आंतरशालेय कबड्डीचे सामने चालू होते आणि गुण लिहायला माणूस कमी पडला म्हणून मला टेबलाशी बसवलं होतं. आमच्या शाळेच्या एका मुलीनं एकाच चढाईत तीन जणी बाद केल्या. मी पेन्सिलीसकट टाळ्या वाजवल्या. शेजारी एक काटकुळा माणूस बसला होता, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर पांढरा टॉवेल. त्यानं माझ्या बोटांतून पेन्सिल अलगद काढून घेतली.

"बाई, तुमी तिकडं लोकांत बसा की. तितं टाळ्या चालतात. हितं न्हाय."

मला इतका राग आला की मी उठलेच नाही. सामना संपेपर्यंत हाताची घडी घालून तिथंच बसून राहिले आणि हा माणूस काय करतो ते बघत राहिले. तो काहीच करत नव्हता. मान वर करून मैदानाकडे बघायचा, मान खाली घालून लिहायचा. गर्दी ओरडली तरी तोंडावरची माशी हलत नव्हती. ओठ तेवढे पुटपुटत होते. कान देऊन ऐकलं तर तो तेलुगूत मोजत होता. ओकटी, रेंडू, मूडू. मास्तर मराठी चांगलं बोलायचे, उर्दू बोलायचे, मलकारीअण्णांसारख्या जुन्या कानडी खेळाडूंशी कन्नडही रेटायचे, पण मोजायचे मात्र तेलुगूतच. "आईनं शिकवलं तसं मोजलं की चूक व्हत न्हाय," म्हणायचे.

त्यांचं नाव अंबादास बिंगी. मास्तर म्हणायचे सगळे, पण कुठल्याही शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलेलं नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात ते माल तपासायचे. ट्यूबलाइटखाली टॉवेल पसरायचा, सुटलेला धागा शोधायचा, बाजूला टाकायचा. दिवसभर हेच. पाच वाजले की सायकल काढून जिथं सामना असेल तिथं. चाळीसएक वर्षं शहरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या कबड्डीचे गुण त्यांनी लिहिले. कबड्डीला ते हुतुतूच म्हणायचे. आपल्या कामाचं त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं आणि ते नवीन माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे: "कागदाला तोंड दिसत न्हाय. नंबर दिसतो. नंबर लिवायचा."

मी त्यांची शिष्या कधी झाले ते मलाच कळलं नाही. पेन्सिल दुसऱ्या दिवशी परत मिळाली, एवढं आठवतं.

माढ्याकडच्या एका गावात यात्रेतले सामने होते. मास्तरांबरोबर मी मदतनीस म्हणून गेले होते. अंतिम सामन्यात गावचा संघ एका गुणानं हरला. शिट्टी वाजली आणि सगळी गर्दी आमच्या टेबलाकडे वळली. पुढारी वाटणारा एक गृहस्थ आधी गोडीत बोलला. "मास्तर, एक गुण इकडं धरा. बरोबरी होऊंदे. परत खेळवू की. पावण्यांचं पण काय नुकसान न्हाय." मास्तरांनी गुणपत्रकाची घडी घातली, ती खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. कुणीतरी खुर्ची हलवली. कुणीतरी टेबलच उचललं. मी पिशवी छातीशी धरून उभी. मास्तर म्हणाले, "खुर्ची न्या. टेबल न्या. कागद मिळनार न्हाय." पाऊण तास ते तसे बसून होते. शेवटी लोकच कंटाळले.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं दिलेलं तिकीट त्यांच्या हातातून दोनदा खाली पडलं.

"घाबरला होता की काय मास्तर?"

"लई," ते म्हणाले.

"मग द्यायचा होता एक गुण."

"कुटनं देऊ? गुण तेवडेच हुते की."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा भिंतीला लागून तीन पत्र्याच्या ट्रंका दिसल्या. मला वाटलं, लेकीच्या लग्नाची भांडी असतील. त्या ट्रंकांमध्ये चाळीस वर्षांची गुणपत्रकं होती आणि त्यांवरून केलेल्या वह्या. एका खेळाडूला एक पान. किती सामने, किती चढाया, किती गडी बाद, किती वेळा पकडला गेला, किती पकडी केल्या. खेळाडू खेळायचा थांबला की पानाच्या तळाशी बेरीज, तिच्याखाली दोन रेघा. ही माणसं कुणाच्याही लक्षात नव्हती. मिलच्या वेळची, तालमीची, गल्लीची. त्यांचं नाव कुठल्या पेपरात नाही, कुठल्या कपावर नाही, फक्त मास्तरांच्या ट्रंकेत.

आणि माणसं ते पान बघायला यायची. एक निवृत्त कंडक्टर मुलाचं लग्न ठरल्यावर व्याह्यांना घेऊन आला होता. व्याही बिचारे चहाच्या कपाकडे बघत बसलेले. मास्तरांनी ट्रंक उघडली, पान काढलं आणि शाळेतला निकाल वाचावा तसं वाचलं. "सामने चव्वेचाळीस. चढाईचे गुण एकशे बारा." कंडक्टर मान खाली घालून ऐकत होता, पण कान लाल झाले होते. व्याह्यांनी नुसतं "वा" म्हटलं. तेवढं त्याला पुरलं. हे असं महिन्यातून एकदोनदा व्हायचं. घरी आपण सांगतो त्याला काही तरी कागद आहे, यासाठी लोक अक्कलकोट रोडपर्यंत यायचे.

मग मलकारीअण्णांचं प्रकरण आलं.

मलकारी पुजारी हे नाव तोवर फारसं कुणाला आठवत नव्हतं. पण गिरण्या चालू होत्या तेव्हा एका गिरणीनं त्यांना केवळ हुतुतूसाठी कामावर घेतलं होतं. त्याआधी खेळणारे कामगार होते. खेळतो म्हणून कामगार झालेला आमच्या शहरातला हा पहिला गडी, असं मास्तरांचं ठाम म्हणणं. त्यांचा मुलगा सिद्धाराम हा खटपट्या माणूस. त्यानं चार ठिकाणी फिरून, लोकांना धरून, जुळे सोलापुरात कबड्डीच्या मॅटसाठी एक मोठा पक्का मंडप उभा करवला. त्याला वडिलांचं नाव द्यायचं ठरलं. दर्शनी भिंतीवर काळा दगड बसवायचा आणि त्यावर अण्णांची सगळी कारकीर्द आकड्यांत कोरायची, ही कल्पनाही त्याचीच. आकडे अर्थातच मास्तरांकडे.

मास्तरांना इतका आनंद झालेला मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. गुण लिहिणाऱ्याचं अक्षर दगडावर जाणार! ते दोनदा म्हणाले, "बाई, दगडावर खोडरबर चालत न्हाय. नीट बघून घेऊ."

दिवाळीच्या सुट्टीत दुपारी मी त्यांच्याकडे जायची. ते वाचायचे, मी बेरीज करायची. शिखर होतं गिरण्यांच्या स्पर्धेतला एक अंतिम सामना: एकट्या मलकारीअण्णांचे सतरा गुण. तो कागद पिवळा पडला होता, पण मास्तरांचं अक्षर तेच. मास्तरांची एक खोड होती. चढाईत गुण आला की ते आकड्याशेजारी बारीक बाण काढायचे, चढाई करणारा कुठल्या कोपऱ्यावर गेला ते दाखवायला. त्याच्या उजव्या हाताला गेला तर उजवा बाण, डाव्या हाताला गेला तर डावा. हे कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला लागतही नव्हतं.

मी बेरीज करता करता सहज म्हटलं, "अण्णा दोन्ही बाजूंनी खेळायचे वाटतं. पहिल्या डावात सगळे बाण उजवे, दुसऱ्यात सगळे डावे."

"बाजू बदलल्या असतील मध्यंतराला," मास्तर म्हणाले. आणि मग स्वतःच थांबले. बाजू बदलून बाण बदलत नाही. बाण मैदानाचा नव्हता, माणसाचा होता.

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. मग ट्रंकेतून दुसरा काढला, तिसरा काढला. मी बघत होते. काही सामन्यांत बाण शेवटपर्यंत उजवेच. काही सामन्यांत मध्यंतरानंतर डावे. मास्तरांनी कागदावरचे वार पाहिले. रविवारचे सामने सगळे उजवे. बाण फिरले होते ते कामाच्या दिवसांतच.

"दुपारपाळी," ते एवढंच म्हणाले. चष्मा काढून टॉवेलनं पुसायला लागले आणि बराच वेळ पुसतच राहिले. "तीनचा भोंगा."

मला काही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मलकारीअण्णांकडे गेलो. सिद्धाराम घरी नव्हता. अण्णा पलंगावर बसले होते, गुडघ्यांना तेल लावत. मास्तरांनी नमस्कार केला नाही, चहा नको म्हणाले. सरळ विचारलं, "अण्णा, तीनच्या भोंग्यानंतर चार नंबरात कोन हुतं?"

अण्णा हसले. अगदी मोकळं हसले. "आत्ता कळलं व्हय मास्तर? सगळ्या गिरनीला म्हाईत हुतं."

गोष्ट साधी होती. गिरणीनं खेळासाठी घेतलं खरं, पण खात्याचा जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, ऐकायचा नाही. दुपारपाळीला तीन वाजता मागावर उभं राहिलंच पाहिजे. सामना अडीचला सुरू व्हायचा. मध्यंतर झालं की अण्णा बॉयलरच्या भिंतीमागं जायचे, घामानं ओला झालेला बनियन काढायचे आणि तिथं उभ्या असलेल्या माणसाला द्यायचे. तो माणूस बदली कामगार. रोज गेटवर येऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम मिळणार. त्याचं नाव हजेरीपटावर नाही, म्हणून संघातही घालता येत नव्हतं. पण खेळात अण्णांच्या तोडीचा. बनियन सातच. त्यामुळे चार नंबर मैदानात परत यायचा आणि सामना पुढं चालू.

"दुसरी गिरनी बोलायची न्हाय?"

"ती बी तसंच करायची की. कोन कुनाला बोलनार?"

"आनि मला का न्हाय सांगितलं?" मास्तरांचा आवाज चिरकला.

अण्णांनी तेलाचे हात पंच्याला पुसले. "तुमाला कोन सांगनार मास्तर? तुमी लिवनारा मानूस. आनि तुमच्या म्होरनं तर जायचा तो. तुमाला तोंड दिसत न्हवतं व्हय?"

मास्तर मागं वळले. रिक्षात बसल्यावर त्यांनी मला सांगितलं, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. त्यांना दिसत नव्हतं. विशी गाठायच्या आत डोळे अधू झालेले. चष्मा लावला तर गुण लिहायला कोण बसवणार, म्हणून चारपाच वर्षं त्यांनी ते लपवलं. पाठीवर हातभर मोठा रंगवलेला नंबर दिसायचा. माणूस कुठल्या बाजूला पळाला तेही कळायचं. तोंड नाही दिसायचं. 'कागदाला तोंड दिसत न्हाय' या ज्या वाक्याचा आम्ही सगळे मान राखत आलो होतो ते एका घाबरलेल्या पोराचं पांघरूण होतं. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम.

त्या बदली कामगाराचं नाव दस्तगीर. गिरणी बंद पडल्यावर त्यानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. आम्ही गेलो तेव्हा दुकानाच्या मागच्याच खोलीत तो झोपून होता. अंगात काही राहिलं नव्हतं, नुसते हात लांब. डावा हात उशाखाली. त्याची मुलगी शबाना दुकान बघायची. ती ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होती. आम्ही कशासाठी आलो ते ऐकून ती हसली.

"अब्बांचं परत सुरू झालं काय? सतरापैकी अकरा माझे. लहानपनापासून ऐकतोय आमी. माझ्या सासरच्यांना बी सांगितलं. त्यांनी एकाला विचारलं, तर कागदावर नावच न्हाय. लई हसं झालं. आता पोरं बी त्यांना फेकू म्हनतात."

आतून दस्तगीर म्हणाला, "रहने दे, शबू." मग मास्तरांना म्हणाला, "मास्टर, मी खेळलो ते खेळलो. लिखनेवाल्यानं लिखलं नाही, मग काय करनार? पन घरात खोटा पडलो. ते तेवढं वाईट वाटतंय."

तो तक्रार करत नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हतं. मास्तर दारातच उभे होते. आत गेले नाहीत, बसले नाहीत. माणसं आपलं पान दाखवायला त्यांच्या घरी यायची, आणि इथं एक माणूस त्यांच्याच कागदामुळे स्वतःच्या घरात लबाड ठरला होता. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "डाक्टर किती दिवस म्हनतात विचारलं का तुमी?" मी विचारलं होतं. फार नव्हते.

उद्घाटनाला आठ दिवस होते. दगड कोरून झाला होता. पत्रिका वाटल्या गेल्या होत्या, आणि त्यांत 'कारकीर्द वाचन: श्री. अंबादास बिंगी' असं छापलेलं. मास्तर सिद्धारामकडे गेले तेव्हा मी बरोबर होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मास्तर, कागदाखाली सही कुनाची?"

"माझी."

"वडिलांचं वय बहात्तर. एक दिवस मिळालाय त्यांना. तुमी उभं राहून म्हननार, हे गुण ह्यांचे न्हाईत. बरं. मग लोक म्हनतील, ह्या कागदात चूक, तर बाकीच्यांत कशावरून न्हाय? तीन ट्रंका भरून लिवलंय तुमी. शेकडो मानसं हायत त्यात. त्या सगळ्यांची पानं खोटी पडनार. एका दस्तगीरसाठी?"

तो खरं बोलत होता. मी त्या आठवड्यात मास्तरांना दोनदा म्हटलं की गप्प राहा, दस्तगीरच्या घरी जाऊन खासगीत सांगू. मला त्याची आज लाज वाटते. मास्तर म्हणाले, "खाजगीत त्यानं बी सांगितलंच हुतं की इतकी वर्षं. उपेग झाला का?"

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मंडप खचाखच भरला होता. जुने खेळाडू आले होते, बरेचसे अशाच माणसांपैकी, ज्यांचं पान त्या ट्रंकांत होतं. दस्तगीर नव्हता. शबानानं आणलं नव्हतं, "परत हसं नको" म्हणून. मलकारीअण्णा फेटा बांधून पुढच्या खुर्चीत. दगडावर साटिनचं कापड. मास्तर रोजच्यासारखे टॉवेल टाकून आले होते, हातात तो पिवळा कागद. मी तिसऱ्या रांगेत होते.

त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी माइक घेतला, खाकरले आणि वाचायला लागले. सामने इतके, चढाया इतक्या. आवाज सपाट. लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, वाचून खाली येणार. मनातून मला तेच हवं होतं.

"अंतिम सामना," मास्तर म्हणाले. "चार नंबरचे गुण सतरा. त्यातले मलकारीअण्णांचे सहा. अकरा गुण दस्तगीर शेख ह्या खेळाडूचे. बनियन एक हुता, मानसं दोन. अशे आनखी सामने हायत, ते मी मागनं सांगतो."

टाळ्या थांबल्या. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आज आठवलं काय मास्तर? इतकी वर्षं झोपलता काय?"

"मला दिसत न्हवतं," मास्तर म्हणाले. "डोळे अधू हुते. चष्मा लावला तर मला काडतील म्हनून मी सांगितलं न्हाय. मी नंबर लिवला, मानूस न्हाय बघितला. ती पाच वर्षं मी असंच लिवलंय. त्यातली ज्येंची पानं हायत त्यांनी मला विचारावं, खुशाल विचारावं."

मग गलका झाला. सिद्धाराम माइक घ्यायला उठला. तेवढ्यात मलकारीअण्णांनी बसल्या बसल्या हात आडवा धरला, रेल्वे फाटकाचा दांडा पडावा तसा, आणि मुलगा थांबला. अण्णा व्हय म्हणाले नाहीत, न्हाय म्हणाले नाहीत. नुसता हात धरून राहिले. मास्तरांनी उरलेली कारकीर्द शेवटच्या आकड्यापर्यंत वाचली आणि खाली उतरले. त्यांच्या शेजारची खुर्ची कार्यक्रम संपेपर्यंत रिकामीच राहिली. मी तिथं जाऊन बसले तेव्हा उशीर झाला होता.

पुढं व्हायचं ते झालं. ज्याला दिसत नव्हतं तो गुणलेखक कसला, म्हणून त्यांना सामन्यांना बोलावणं बंद झालं. तो निवृत्त कंडक्टर एकदा येऊन गेला. त्याचा काळ नंतरचा, पान बरोबर होतं, तरी तो दारातूनच बोलला. भिंतीवरचा दगड होता तसाच राहिला. सतरा गुण, मलकारी पुजारी. मी त्याबद्दल चिडून बोलले तर मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊद्या की. मंडप सिद्धारामनं बांदला, पोरं खेळाय लागली." त्यांच्या डोक्यात दगड नव्हताच. त्यानंतर तीन महिन्यांनी मास्तर झोपेतच गेले.

पण मला ते आठवतात ते दस्तगीरच्या मागच्या खोलीत. उद्घाटनानंतर साताठ दिवस झाले असतील. मंडपात काय झालं ते शबानाच्या कानावर आलं होतं, पण तिला ते पुरतं पटलेलं नव्हतं. एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याची बाजू घेतो, तसंच हे, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. टीव्हीवर मालिका चालू होती, आवाज मोठा. ती टीव्हीकडे तोंड करून भाजी निवडत बसली होती.

मास्तर पलंगाशेजारी स्टुलावर बसले. मांडीवर वही होती आणि तिच्यात एक कोरं पान. वर नाव लिहिलं होतं: दस्तगीर शेख. त्यांनी तो पिवळा कागद उघडला.

"एकेक वाचतो. तुमचा असंल तर व्हय म्हना. मग चढवतो पानावर."

"हौ," दस्तगीर म्हणाला.

मास्तर बाण बघून वाचत गेले. पहिला गुण, डाव्या कोपऱ्यावर. हौ. दुसरा, तसाच. हौ. प्रत्येक गुणाला दस्तगीर डोळे मिटून क्षणभर थांबायचा, मग मान हलवायचा. समोर कोण होतं, त्यानं काय केलं, हेही मधेच सांगायचा. त्याला दम लागत होता. शबाना टीव्हीकडेच बघत होती. मास्तर मनाशी तेलुगूत मोजत होते. नऊ झाले. दहा झाले.

"अकरावा," मास्तर म्हणाले. "शेवटची चढाई. डावा कोपरा."

दस्तगीरनं डोळे उघडले. मग म्हणाला, "तो नको लिखू मास्टर. तो माझा नाही."

"तुमचाच हाय. बाण हाय की."

"बाण बराबर हाय. पन हात लागला नव्हता. बोटभर राहिला. अंपायरला वाटलं लागला, त्यानं दिला. मी बोललो नाही. इतके दिवस कुणाला बोललो नाही."

मास्तरांची पेन्सिल कागदावर थांबली. अंपायरनं दिलेला गुण लिहिणाऱ्यानं बदलायचा नाही, हा नियम त्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवला होता. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी कागदाकडे बघितलं, दस्तगीरकडे बघितलं, चष्मा नीट केला आणि नीट त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"कागदावर अकराच ऱ्हानार. तो अंपायरचा," ते म्हणाले. "पानावर काय लिवू?"

"दहा."

मास्तरांनी दहा लिहिले.

शबानाच्या हातातली भाजी तशीच राहिली होती. ती उठली, टीव्ही बंद केला आणि पलंगाच्या पायथ्याशी येऊन जमिनीवर बसली.

"अब्बा," ती म्हणाली, "शुरू से बोलो."